झाकलेला छेद

दिवाळीत मावशीकडे गेले होते. चकल्यांचा डबा पुढे सरकवता सरकवता तिने मोबाइल माझ्या हातात दिला. "हे वाच गं. इंग्रजी आहे, पण आकडे मला कळतात." कुठल्याशा ग्रुपवरून फिरत फिरत आलेला एका पानाचा फोटो होता. करोनाच्या लसीनंतर आलेल्या तक्रारींचा अहवाल, फायझर कंपनीने अमेरिकेच्या सरकारला दिलेला. एकूण प्रकरणं ४२,०८६, त्यांपैकी मृत्यू १,२२३, हे स्वच्छ छापलेलं. आणि त्या काळात जगभर किती डोस पाठवले हे सांगणाऱ्या वाक्यात आकड्याच्या जागी एक चौकट. चौकटीत बारीक अक्षरांत 'बी-४'. कुणीतरी चौकटीभोवती लाल गोल ओढला होता, गोलाला बाण, बाणाला तीन उद्गारचिन्हं. मावशीला त्या उद्गारचिन्हांशी देणंघेणं नव्हतं. चष्मा कपाळावर चढवून ती एवढंच म्हणाली, "मेले किती ते लिहिलंय, टोचलं किती ते झाकलंय. असं का करतील?"

ती लसीविरुद्ध बोलणारी बाई नाही, हे मुद्दाम सांगायला हवं. मावशीने तीसेक वर्षं सातारा जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रावर लसी टोचल्या. कागदोपत्री एएनएम, म्हणजे उपकेंद्राची परिचारिका, गावात नुसतीच 'बाई'. निळ्या पट्ट्याचा व्हॅक्सिन कॅरिअर खांद्याला, आत आइसपॅक, पिशवीत कुणाला लस द्यायची राहिली त्यांची यादी, म्हणजे ड्यू लिस्ट, आणि एक रजिस्टर, ज्याच्या कडा घामाने आणि पावसाने फुगून आल्या होत्या. लहानपणी सुट्टीत तिच्याकडे गेले की दर महिन्याच्या शेवटी मला एक काम मिळायचं. ती नावं वाचत जायची आणि मी कच्च्या कागदावर टॅली मारायची, चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी. मग ती हिशेब जुळवायची: उद्दिष्ट किती, साध्य किती, टक्के किती. टक्का कमी आला की चेहरा उतरायचा, जास्त आला की शंका यायची. शंभरच्या वर टक्का गेला तर ती पेन खाली ठेवून म्हणायची, "छेद चुकलाय." वस्तीवर ऊसतोडीची नवी पालं आली असणार, त्यांची पोरं मोजली असणार, पण उद्दिष्टात धरली नसणार. अंश आणि छेद मी शाळेत शिकायच्या आधी तिच्या ओसरीवर शिकले. अशा बाईच्या हातात छेद झाकलेला अपूर्णांक पडला, तर ती दुसरं काय विचारणार?

उत्तर मला ठाऊक होतं, निदान कायद्यापुरतं. तरी ते पटकन तोंडातून निघेना.

त्या पानामागची गोष्ट अशी. २३ ऑगस्ट २०२१ रोजी अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथे औषधांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेने, फायझरच्या लसीला पूर्ण मान्यता दिली. काही दिवसांतच डॉक्टर-संशोधकांच्या एका गटाने तिकडच्या माहितीच्या कायद्याखाली अर्ज केला: ज्या कागदांवर ही मान्यता दिली, ते सगळे द्या. कागद निघाले ३ लाख २९ हजार पानांहून अधिक. प्रकरण टेक्ससमधल्या केंद्रीय न्यायालयात गेलं तेव्हा एफडीएने सांगितलं, महिन्याला ५०० पानं देऊ. भागाकार केला की पंचावन्न वर्षं येतात. पुढे पानांचा अंदाज साडेचार लाखांपर्यंत गेला आणि पंचावन्नाची पंच्याहत्तर झाली. ज्या लसीची तपासणी सरकारने १०८ दिवसांत उरकली, तिचे कागद त्या वर्षी जन्मलेलं मूल म्हातारं झाल्यावर पुरते बाहेर येणार होते. न्यायाधीश मार्क पिटमन यांनी ६ जानेवारी २०२२ रोजी हे अमान्य केलं आणि महिन्याला ५५ हजार पानं द्यायला लावली.

या गोष्टीत खलनायक शोधायचा मोह होतो. मलाही झाला होता. पण एफडीएची बाजू वाचली की त्यात एक ओळखीचं कार्यालय दिसायला लागतं. असे अर्ज हाताळणाऱ्या शाखेत माणसं दहा, तुंबलेले अर्ज चारशेच्या आसपास, आणि एकेक पान ओळ न ओळ, शब्द न शब्द वाचून देता न येणारं झाकायला आठ मिनिटं. आठ मिनिटं खोटी नाहीत. मी हेच काम करते, मला आठ मिनिटांत एखादं पान होत नाही. मात्र मावशीच्या सवयीने मी तोही हिशेब मांडून पाहिला. ५०० पानं गुणिले आठ मिनिटं म्हणजे महिन्याला सदुसष्ट तास. एका माणसाच्या अर्ध्या महिन्याचंसुद्धा काम नाही. उलट, दहाच्या दहा माणसं फक्त ह्याच कागदांना बसवली असती तर ३ लाख २९ हजार पानं सव्वादोन वर्षांच्या आत संपली असती. पंचावन्न वर्षं पानांच्या संख्येतून आलेली नव्हती. या कामाला किती माणूसबळ द्यायचं, हे कुणीतरी ठरवलं होतं, त्यातून ती आली होती.

मावशीच्या मोबाइलवरचं पान ह्याच गठ्ठ्यातल्या अगदी पहिल्या हप्त्यातलं, नोव्हेंबर २०२१ मधलं. 'बी-४' म्हणजे व्यापारी गुपिताचं कलम. किती डोस पाठवले हा आकडा कंपनीची धंद्याची माहिती ठरला आणि झाकला गेला. पुढे २०२२ मध्ये त्याच अहवालाची ती चौकट काढलेली प्रत बाहेर आली. आकडा होता १२,६२,१२,५८०. साडेबारा कोटींहून जास्त डोस. म्हणजे पाठवलेल्या लाखभर डोसांमागे एका मृत्यूची नोंद, आणि तीही 'लसीनंतर' झालेल्या मृत्यूची. 'लसीमुळे' झाला की नाही हा पुढचा प्रश्न. डिसेंबर २०२० ते फेब्रुवारी २०२१ या काळात लस आधी कुणाला मिळत होती, तर बऱ्याच ठिकाणी म्हाताऱ्यांना. हे सगळं त्या पानावर शेजारी शेजारी असतं, तर कुणाला लाल गोल ओढावासा वाटलाच नसता. झाकलेला आकडा लसीच्या बाजूचा होता! गंमत म्हणावी की काय म्हणावं कळत नाही. चौकट निघाली, पण चौकटीचा फोटो आजही फिरतोय. सुधारलेली प्रत कुणी फॉरवर्ड करत नाही. त्याच अहवालाच्या शेवटी नऊ पानांची एक यादी आहे, 'यांतलं काही आढळलं तर खास लक्ष ठेवायचं' अशा आजारांची. ती 'लसीचे नऊ पानी दुष्परिणाम' म्हणून वेगळी फिरते.

मी मावशीला पूर्ण आकडा दाखवला. आता तिचं समाधान होईल असं मला वाटलं. तिने चष्मा खाली घेतला, आकडा बोटाने मोजत वाचला आणि म्हणाली, "हे पाठवलेले. टोचलेले किती? वेस्टेज किती गेलं?"

यावर काय बोलणार. कुपी उघडली की ठरावीक वेळात संपवावी लागते, शेवटी उरलेले डोस फेकावे लागतात, हे तिच्याइतकं कुणाला माहीत. छेद उघडला की त्याच्यावर असे प्रश्न विचारता येतात. झाकला की फक्त लाल गोल उरतो.

आता माझ्या पोटापाण्याबद्दल. पुण्यात एका छोट्या कंपनीत मी कागद झाकणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम करते. पूर्वी कार्यालयात हे काम काळ्या मार्करने व्हायचं, आणि पुष्कळ ठिकाणी अजून होतं. नाव खोडायचं आणि त्या पानाची पुन्हा झेरॉक्स काढायची, नाहीतर उजेडासमोर धरलं की शाईखालचं टायपिंग वाचता येतं. आमचं यंत्र तेच करतं, फक्त भराभर. आधी स्कॅन केलेलं पान वाचतं, मग साचे शोधतं: बारा आकडे सलग आले की आधार, दहा आले की मोबाइल, तिरप्या रेघांचे आकडे म्हणजे जन्मतारीख. मग माणसांची नावं ओळखतं. इंग्रजीत हे बरंच सोपं झालंय, कारण नाव मोठ्या लिपीतल्या अक्षराने सुरू होतं. देवनागरीत तसली सोय नाही. पुण्यातल्याच एल-थ्री-क्यूब या गटाने २०२२ साली सुमारे पंचवीस हजार मराठी वाक्यांतली नावं, गावं, संस्था हाताने खुणा करून खुली केली, तेव्हापासून आमच्यासारख्यांना जरा हुशारी आली. तरी आरोग्य खात्याच्या कागदावर यंत्र गडबडतंच. 'आशा यांनी घरभेट दिली' असं लिहिलं की ही आशाताई म्हणून नेमलेली कार्यकर्ती की आशा नावाची बाळंतीण, याचा पत्ता नाही. दोन्हीकडे काळी पट्टी. हाताने लिहिलेला १ आणि ९ तर विचारूच नका.

पण मला त्रास देणारी गोष्ट नावांची नाही. चाचणीसाठी आम्ही लसीकरणानंतरच्या त्रासाच्या नमुना नोंदी बनवल्या होत्या, सगळ्या खोट्या नावांच्या. यंत्राने रुग्णाचं नाव झाकलं, वडिलांचं झाकलं, पत्ता झाकला, छान. आणि लसीचा बॅच नंबरही झाकला. आकडे आणि अक्षरं मिसळलेला लांब क्रमांक दिसला की त्याला ते ओळखपत्र वाटतं. त्या तक्त्यात सगळ्यात महत्त्वाचा रकाना कुठला, तर तो. कुणाला ताप आला हे कुणाला नकोय, पण एकाच बॅचमधून पाच गावांत ताप आला का, हे सगळ्यांना हवंय. मी बैठकीत हे दाखवलं. सगळ्यांनी मान डोलावली. मग एकाने विचारलं, "पण काही गळलं तर नाही ना? मग चालेल." आमच्या धंद्याचं सगळं गणित या वाक्यात आहे. कमी झाकलं तर नोटीस येते, बातमी होते, कंत्राट जातं. जास्त झाकलं तर कुणाची काही तक्रार येत नाही, कारण काय झाकलंय हे तक्रार करणाऱ्याला दिसतच नाही. म्हणून शंका आली की झाक, असं आम्ही यंत्राला शिकवतो. कार्यालयातल्या माणसांनाही हेच शिकवलेलं असतं, फक्त ते कुठल्या फाइलीत लिहिलेलं नसतं.

बॅच नंबरवरून हाफकिन आठवणं साहजिक होतं. परळवरून जाताना ती जुनी इमारत दिसली की मला नेहमी लस बनवणाऱ्यापेक्षा त्याच्यावरचा आळ आठवतो. वाल्डेमार हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी मुंबईत प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली, हे आपण शाळेत ऐकलेलं असतं. पावणेसहा वर्षांनी काय झालं ते कमी ऐकलेलं असतं. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुलकोवाल गावी १०७ जणांना लस टोचली. त्यांतले एकोणीस जण धनुर्वाताने गेले. एकोणीसही जणांना टोचलेली लस एकाच बाटलीतली, क्रमांक ५३-एन. ठपका मुंबईच्या प्रयोगशाळेवर आला, कारण हाफकिन यांनी निर्जंतुक करण्याची जुनी कार्बॉलिकची रीत बदलली होती. त्यांना कामावरून दूर व्हावं लागलं. चौकशीचे कागद आणि साक्षी लोकांसमोर यायला वर्षं लागली, आणि त्या आल्यावर रोनाल्ड रॉस आणि इतरांनी त्यांतूनच उलगडा केला. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. डॉक्टरने बाटलीचा वास घेतला होता आणि कसलाच वास आला नव्हता. धनुर्वाताचे जंतू आत आधीपासून वाढत असते तर बाटली घाण मारली असती. म्हणजे दोष गावात शिरला, परळहून आला नव्हता. जुलै १९०७ मध्ये लंडनच्या 'टाइम्स'मध्ये नामवंतांच्या सह्यांचं पत्र आलं आणि हाफकिन निर्दोष ठरले, पण मुंबईची प्रयोगशाळा त्यांना परत मिळाली नाही. तिला त्यांचं नाव मिळालं ते १९२५ साली.

त्या साक्षींवरून आमचं यंत्र फिरवलं असतं तर? मदतनिसाचं नाव गेलं असतं, ते ठीक. चिमट्याचं वाक्य राहिलं असतं. पण ५३-एन झाकलं गेलं असतं, आणि मग एकोणीस माणसं एकोणीस सुट्या कागदांवर मेली असती.

मावशीला हाफकिनची गोष्ट सांगितली तेव्हा ती बराच वेळ चहाच्या कपाशी खेळत बसली. मग तिने मला एक गोष्ट सांगितली, जी मी इतक्या वर्षांत तिच्याकडून कधी ऐकली नव्हती. तिच्या हद्दीतल्या एका वाडीवर, टोचल्यानंतर दुसऱ्या दिवशी, एक बाळ गेलं. तालुक्याहून गाडी आली. साहेबांनी उरलेल्या कुप्या थंड पेटीत घालून नेल्या, रजिस्टरच्या पानाची झेरॉक्स नेली, फ्रिजच्या तापमानाचा तक्ता नेला, तिचा जबाब घेतला. अहवाल झाला. "काय आलं अहवालात?" मी विचारलं. "वर गेला." "वर म्हणजे?" "वर म्हणजे वर." पुढे दोनदा तिने बैठकीत विचारलं, तर 'तुमच्यावर काही नाही, निश्चिंत राहा' एवढं उत्तर मिळालं. तिच्यावर काही नव्हतं, पण वाडीला हे कुणी सांगितलं नाही. वाडीवरच्या बाया कितीतरी महिने पोरं घेऊन आल्याच नाहीत. ती दाराशी गेली की आतून कडी लागायची. बाळाला आधीपासून काही होतं की काय, लसीत काही होतं की काय, तिच्या हातून काही झालं की काय, यातलं एकही तिला आजतागायत माहीत नाही. बॅच नंबर मात्र तिला अजून पाठ आहे. तिने तो मला म्हणून दाखवला.

तेव्हा मला कळलं की चौकटीकडे ती कुठल्या बाजूने बघत होती. अमेरिकेतल्या कंपनीवर तिचा ना विश्वास, ना अविश्वास. झाकलेला कागद तिच्या अंगावरून जाऊन आलेला आहे.

आपल्याकडे हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला होता. २ मे २०२२ रोजी न्या. एल. नागेश्वर राव आणि आपल्या अमरावतीचे न्या. भूषण गवई यांनी जेकब पुलियेल यांच्या याचिकेवर निकाल दिला. त्यातलं 'लस घेण्याची सक्ती करता येत नाही' हे वाक्य सगळीकडे गाजलं. त्याच निकालात दुसरी एक गोष्ट होती, जिच्याकडे फार कुणी पाहिलं नाही: लसीनंतरच्या त्रासाच्या तक्रारी लोकांना आणि डॉक्टरांना खुल्या व्यवस्थेत नोंदवता याव्यात आणि त्या सर्वांना पाहता याव्यात, मात्र तक्रार करणाऱ्याची ओळख उघड न होता. चाचण्यांतला व्यक्तीगणिक कच्चा तपशील उघडा करायला न्यायालयाने नकार दिला. मला हे दोन्ही पटतं. पटतं, आणि तरी वाडीवरच्या त्या आईपर्यंत यातलं काय पोचतं, हा प्रश्न राहतोच.

कारण झाकायला हवं असं बरंच असतं, हे त्या रजिस्टरवर टॅली मारलेल्या मला न पटून कसं चालेल? त्यात काय नव्हतं! कुणाचं कितवं बाळंतपण, कुठली पोर लग्नाआधी दिवस गेलेली, कुणाच्या घरी टीबीच्या गोळ्या चालू, कुणाच्या नवऱ्याने शस्त्रक्रिया करून घेतली आणि कुणाच्या आईला ते कळता कामा नये. मावशी ते रजिस्टर रात्री उशाखाली घेऊन झोपायची. मी एकदा एक नाव मोठ्याने वाचलं तर हातावर फटका बसला होता. आणि आपण केलं काय? जून २०२३ मध्ये टेलिग्रामवरच्या एका बॉटला मोबाइल नंबर द्यायचा, की लस घेतलेल्या माणसाचं नाव, जन्मवर्ष, ओळखपत्राचा क्रमांक, कुठल्या केंद्रावर घेतली ते, सगळं येत होतं. को-विन सुरक्षित आहे, बातम्या निराधार आहेत, असं सरकारने सांगितलं. बॉट मात्र बातमी होईपर्यंत उत्तरं देत होता. जिथे पट्टी हवी तिथे उघडं, आणि जिथे उघडं हवं तिथे पट्टी.

नाव झाकणं नेहमी बरोबर असतं असंही नाही, इथे मी पुन्हा अडखळते. युरोपीय आयोगाने लसखरेदीचे करार झाकून प्रसिद्ध केले होते. जुलै २०२४ मध्ये तिथल्या न्यायालयाने म्हटलं की आयोगाने पुरेसं उघडं केलं नाही. त्यात एक मुद्दा वाटाघाटी करणाऱ्या गटाचा होता: आमचे हितसंबंध गुंतलेले नाहीत अशी निवेदनं त्या लोकांनी दिली होती, निवेदनं प्रसिद्ध झाली, नावं झाकली. नाव नसलेल्या माणसाचे हितसंबंध तपासायचे कसे? यंत्राला तर ती नावं पहिल्याच फटक्यात सापडली असती आणि झाकली गेली असती, शंभर टक्के बिनचूक! आपल्याकडे माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(जे) मध्ये, माहिती वैयक्तिक असली तरी तिच्यात सार्वजनिक हित आहे का हे तोलायचं, अशी सोय होती. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने त्या कलमाचं शेपूट छाटलं, आता उरलं 'वैयक्तिक माहिती' एवढंच. व्यापक सार्वजनिक हिताचं कलम ८(२) शिल्लक आहे खरं, पण दहा रुपयांचा स्टॅम्प लावून अर्ज करणाऱ्याने तिथपर्यंत भांडत जायचं, म्हणजे प्रथम अपील, मग माहिती आयोग, मग तारीख.

आणि एवढं करून झाकलेलं झाकलेलं राहतं का? डिसेंबर २०२० मध्ये बेल्जियमच्या एका मंत्रीणबाईंनी सगळ्या लसींच्या गुप्त किमतींचा तक्ताच ट्विटरवर टाकला, ॲस्ट्राझेनेका १.७८ युरो, फायझर १२ युरो. थोड्या वेळाने काढला, पण तोवर जगाने पाहिला होता. पुढच्याच महिन्यात युरोपीय आयोगाने ॲस्ट्राझेनेकाचा करार काळ्या पट्ट्या मारून जाहीर केला, आणि पट्ट्यांखालचा काही मजकूर त्याच पीडीएफच्या बाजूच्या बुकमार्कांत जसाच्या तसा वाचता येत होता. आमच्या कार्यालयात नव्या मुलांना पहिल्या दिवशी हे उदाहरण देतात. सगळे हसतात, मग स्वतःच्या फाइली तपासतात. दक्षिण आफ्रिकेत तर २०२३ साली न्यायालयाने करार सरळ उघडे करायला लावले. पुण्याच्या सीरमची कोविशिल्ड त्यांना डोसामागे सव्वापाच डॉलरच्या वर पडली होती, श्रीमंत युरोपाला हीच ॲस्ट्राझेनेकाची लस पडली त्याच्या जवळजवळ अडीचपट. व्यापारी गुपित म्हणतात ते असं असतं. ते कुणापासून गुपित होतं, हे बघितलं तर बहुतेक वेळा पैसे देणाऱ्यापासून.

दिवाळीनंतर कामावर गेले आणि दोन गोष्टी मागितल्या. एक, रकान्याच्या डोक्यावर 'बॅच', 'लॉट' किंवा 'एकूण' असं असेल तर त्याखालच्या आकड्याला यंत्राने हात लावायचा नाही, माणसाला विचारायचं. ही लगेच मान्य झाली, दोन दिवसांचं काम होतं. दुसरी, प्रत्येक पट्टीमागे एक नोंद: कशामुळे झाकलं, यंत्राने की माणसाने, कुठल्या कलमाखाली. आणि शेवटी सगळ्या पट्ट्यांचा एक तक्ता, कागदाबरोबर अर्जदाराला जाणारा. यावर बरंच वाजलं. पानामागे वेळ वाढेल, ग्राहकाने मागितलेलं नाही, वगैरे. शेवटी ज्या कार्यालयासाठी हे चाललंय तिथल्या साहेबांसमोर मांडायचं ठरलं. साहेब सज्जन निघाले. तक्ता त्यांना आवडला, रंगसुद्धा आवडले. मग त्यांनी खाली बोट ठेवून विचारलं, "इथे सही कुणाची?" आमच्यातला एक जण उत्साहाने म्हणाला, "सिस्टिम जनरेटेड लिहू की सर, सही लागतच नाही." मी माहिती अधिकाराचं पुस्तक बरोबर नेलं होतं. कलम १० उघडलं. कागदाचा काही भाग वगळून द्यायचा असेल तर वगळण्याची कारणं कळवावी लागतात, आणि तो निर्णय देणाऱ्या व्यक्तीचं नाव आणि पदनामही. साहेबांनी ते दोनदा वाचलं. पुस्तक मिटून माझ्याकडे दिलं आणि म्हणाले, "वर विचारून सांगतो."